विचारलं तेवढंच

आमचे हे पलटणीतून कायमचे घरी आले ते बांगलादेशच्या लढाईनंतर, आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातला स्टोव्ह दारापासून लांब नेऊन ठेवला. वारा लागून भडका उडतो म्हणाले. इतकी वर्षं मी त्याच जागी भाकऱ्या थापल्या होत्या, कधी भडका उडाला नव्हता. पण माणूस या खेपेला सुट्टीवर आला नव्हता, म्हणून मी म्हटलं, ठेवू दे की कुठं ठेवायचा तिथं.

लष्करात ते हवालदार होते. आग विझवायची, जखमींना बांधून गाडीत घालायचं, पाण्याच्या टाक्या साफ आहेत का बघायचं, ही त्यांची कामं. सोलापुरात असल्या कामाला कोण विचारतंय, असं मला वाटायचं. पण मी ज्या गिरणीत कांड्या भरायला जायचे, तिथंच त्यांना घेतलं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. सरकारचे तपासनीस येऊन सारखे टोकायचे, म्हणून साहेबांना सेफ्टीचा माणूस पाहिजे होता, आणि शिस्तीचा असावा म्हणून पलटणीतला. आधी कच्ची नोकरी, मग काम बघून कायम करणार.

ह्यांनी वाळूच्या बादल्या लाल रंगवून भिंतीला टांगल्या. विणकर येता-जाता सलाम ठोकायचे.

"हवालदार, हितं पाकिस्तान कुठल्या अंगाला हाय?"

"तुमच्या बिडीच्या टोकाला," हे म्हणायचे. "सुतापासनं लांब धरा."

माणसं हसायची, पण बिडी ओढायला बाहेर जायला लागली. मला अभिमान वाटायचा. का नाही वाटावा.

आमचं खातं बायकांचं. वर आढ्याला एक लांब दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राला यायचे. पट्टे उघडेच. ह्यांनी ते बघितलं आणि नियम काढला, पदर कमरेला घट्ट खोचायचा, वर पिन लावायची. आता परक्या बाप्यानं बायकांच्या पदराबद्दल बोलायचं म्हणजे काय सोपं आहे? एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "हवालदार, पलटणीत लुगडं नेसत हुता व्हय?"

घरी येऊन मला म्हणाले, "तूच सांग त्यास्नी. माझं ऐकायच्या न्हाईत."

मी सांगितलं. माझ्या शब्दावर सगळ्यांनी पदर खोचले.

माझ्या शेजारच्या यंत्रावर मैंदर्गीकडची एक बाई होती. नवरा वारलेला, दोन लहान पोरी, घरात सासरा. घरी कानडी, आमच्याशी कानडी हेलाची मराठी. मला अक्का म्हणायची. पिन लावून पहिल्यांदा आली ती तीच, आणि म्हणाली, "अक्का, बघा, मी बी पलटणीत भरती झाले की."

पुढं आमचा जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, म्हातारा होऊन घरी बसला आणि त्याच्या जागी मागाच्या खात्यातून आला तो हिचा सासराच. आता सासऱ्यापुढं सून उघड्या डोक्यानं कशी उभी राहील? तो फेरीला आला की ही खोचलेला पदर उपसून डोक्यावर घ्यायची, तो गेला की परत खोचायची. पिन तर लावायचीच सोडली. म्हातारा बिचारा लांबूनच खोकत यायचा, सुनेला आधी कळावं म्हणून. आमच्यातल्या एकीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आम्ही म्हणायचो, बघा कशी रीतीची आहे.

ह्यांना मात्र दिसलं. मोठे साहेब एकदा खात्यात आले होते, तेव्हा माझ्या यंत्रापाशी उभं राहून हे त्यांना म्हणाले, "साहेब, एक तर जॉबरला दुसऱ्या खात्यात हलवा, नाहीतर पट्ट्यांना जाळी बसवा. नुसत्या नियमानं हे भागायचं नाही."

"जाळीचं सांगून ठेवलंय," साहेब म्हणाले.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढं ह्यांनी दोनदा आठवणही केली. जाळी काही आली नाही.

आणि एक दिवस दुपारच्या सुट्टीनंतर म्हातारा खोकत आला, तिनं घाईनं पदर उपसला, आणि त्याचं टोक पट्ट्यानं ओढलं. सोडवायला म्हणून तिनं हात घातला. मी वळले तेव्हा ती यंत्रावर आडवी पडलेली होती, आणि सासरा दोन हातांच्या अंतरावर उभा. तिला धरायला त्याचे हात पुढं आले आणि तसेच थांबले. सुनेला शिवायचं कसं, हा प्रश्न त्या घडीलाही त्याला पडला असणार.

तेवढ्यात हे धावत आले. दांडक्यानं पट्टा उतरवला, तिचा पदर कापला, दंडाला आवळून पट्टी बांधली आणि टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बांधायला उशीर झाला असता तर बाई गेली असती. उजव्या हाताची बोटं गेली, हात राहिला. त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या हातांना मी देवाचे हात म्हटलं, ते खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं सोसायला जड गेलं.

गिरणीत चौकशी बसणार होती. चूक तिची ठरली तर तिला घरी बसवणार, गिरणीची ठरली तर बसल्या जागेचं काम देऊन ठेवून घेणार, असं सगळेच म्हणत होते. सासऱ्याची नोकरी संपत आलेली. त्या दोघांशिवाय तिच्या घरात कमावणारं कुणी नव्हतं.

युनियनचा माणूस दवाखान्यात आला होता. जाळीवरून गेटवर सभा घेतो म्हणाला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी घरी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "गोंधळ नको. साहेब लोक चिडतात. तू बी मधी बोलू नको. सेफ्टीचा माणूस मी हाय, माझ्या बोलण्याला वजन हाय. मी सांगतो सगळं."

मी जाऊन तिला तेच सांगितलं. "आमचे हे सांगणार हायेत. तू निवांत पड." तिनं युनियनवाल्याला नको म्हणून कळवलं.

चौकशीच्या दिवशी आम्ही बायका ऑफिसच्या व्हरांड्यात बसलो. उकाड्यानं दार उघडंच ठेवलं होतं. हे आत गेले, इस्त्रीची खाकी पँट, बूट चकचकीत.

"पदर खोचायचा नियम होता?"

"होता, साहेब."

"बाईंना माहीत होता?"

"होता, साहेब."

"त्या वेळी पदर खोचलेला होता?"

"नव्हता, साहेब."

मी वाट बघत होते. आता जाळी, आता जाळी. आत कागद चाळल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. या तुम्ही."

ह्यांनी टाचा जुळवल्या, सलाम केला आणि बाहेर आले. माझ्यासमोरून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मग म्हाताऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "सुनेनं मला मान दिला, साहेब." त्याला पुढं काही विचारलंच नाही. मी उठून दारात गेले आणि म्हटलं, मला जाळीचं सांगायचंय. कारकून म्हणाला, "बाई, तुमच्या मालकांचं झालंय की बोलून." आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ह्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि विचारलं, "जाळीचं का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

"न विचारता सांगता येत न्हाई व्हय?"

"पलटणीत विचारलं तेवढंच बोलायचं असतं. अधिक बोललं की वरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं."

"ही काय पलटण हाय?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला अजून कायम केलेलं न्हाई," म्हणाले आणि जेवायला लागले.

तिला घरी बसवलं. मी भेटायला गेले, तर ती डाव्या हातानं पोरीची वेणी घालायला बघत होती. मला बसा म्हणाली, पाणी दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मी निघताना एवढंच म्हणाली, "अक्का, त्या युनियनवाल्याला मी नको म्हटलं, आता तो काळा का गोरा, मला धड आठवत बी न्हाई बघा." पुढं ती पोरींना घेऊन मैंदर्गीला भावाकडं गेली.

पट्ट्यांना जाळ्या बसल्या. ह्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या, आणि त्याच महिन्यात कायम झाले. पेढे आणले. मी चाळीत वाटले, आपण खाल्ला नाही. बायका माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या.

ह्यांच्याबरोबर मी पुढं सगळा संसार केला. दुखलं खुपलं बघितलं, पोरांची लग्नं केली. माणूस वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या नियमांनी किती जणांचे हातपाय वाचले असतील, कोण मोजणार. पण चाळीतली एखादी यायची, "काकू, काकांना सांगून आमच्या पोराचं गिरणीत तेवढं बघा की," आणि मी म्हणायचे, "हे आत बसलेत. तूच विचार."

"तुमी सांगितलं तर ऐकतील."

"ऐकतील," मी म्हणायचे. "पण मी शब्द देत न्हाई, बाई."