योगिनी आहेरच्या ओळखी

नांदगावच्या योगिनी आहेरला पटकथा लिहायच्या होत्या, आणि त्या धंद्यातलं तिच्या ओळखीचं कुणीसुद्धा नव्हतं. देवळाली कॅम्पात ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की काचा पुसता पुसता मनात प्रसंग रचायची आणि खोलीवर गेल्यावर लॅपटॉपवर उतरवायची. लिहून झालेली पटकथा मग इन्स्टाग्रामवर सापडेल त्या दिग्दर्शकाला धाडायची. 'नमस्कार सर, माझी कथा एकदा वाचाच.' उत्तर कुणाचंच यायचं नाही. तिला वाटायचं, आपल्याला लिहिताच येत नाही. खरं तर तिने पाठवलेलं कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

अशात नाशकात गंगापूर रोडला पटकथेची कार्यशाळा झाली. शिकवायला धनराज देवरे होते. मूळचे सटाण्याचे, बरीच वर्षं मुंबईत मालिकांचे संवाद लिहून आता नाशकात राहायला आलेले. कार्यशाळा संपली तशी पोरांनी त्यांना गराडा घातला. ज्याच्या त्याच्या हातात फाईल. योगिनीच्याही पिशवीत होती, पण पुढे घुसणं तिला जमेना. तिच्यासारखीच मागे राहिलेली एक मुलगी म्हणाली, "चहा घेतेस? इथं आपला नंबर काही लागत नाही."

ही वेदिका. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. व्हायचं होतं दिग्दर्शक. टपरीवर तिने योगिनीची फाईल मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचून काढली.

"यातली सासू फार बोलते गं," ती म्हणाली. "पण सून माहेरी निघते आणि बस येईपर्यंत दोघी गप्प उभ्या राहतात ना, ते मस्त आहे. मला शूट करावंसं वाटतंय."

योगिनीने चहाचा कप तसाच धरून ठेवला. तिचं लिखाण कुणीतरी पहिल्यांदाच वाचलं होतं.

तेव्हापासून दुकानाच्या सुट्टीला दोघी भेटू लागल्या. वेदिका एडिट केलेले व्हिडिओचे तुकडे दाखवायची, योगिनी नवीन पानं वाचायची. कधी कडाक्याचं भांडणही व्हायचं.

देवरे सरांना योगिनीने मेल केला, पण पटकथा जोडली नाही. त्यांनी शिकवलेलं एक तिला कळलं नव्हतं, तेवढंच विचारलं. सरांनी लांबलचक उत्तर दिलं. मग अधूनमधून प्रश्न जायचे, उत्तरं यायची, आणि एकदा सरच म्हणाले, "तुझं काहीतरी पाठव की." वाचून त्यांनी तिला घरी बोलावलं आणि एकेक पान घेऊन बसले.

इथे योगिनी चुकली. मुंबईतल्या एका निर्मिती कंपनीला नवे लेखक हवे होते. तिने अर्ज केला आणि खाली एक ओळ घातली: 'धनराज देवरे सरांनी माझं नाव सुचवलं आहे.' कंपनीतून सरांना फोन गेला. सरांचा तिला आला.

"योगिनी, मी तुझं नाव कधी सुचवलं?"

"सर, ते... मीच लिहिलं," ती म्हणाली.

"विचारलं असतंस, तर सुचवलंही असतं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ती रडत वेदिकाकडे गेली. वेदिकाने पाणी दिलं, पण बाजू घेतली नाही. "खोटं बोललीस. आता रडून काय? जाऊन सांग."

योगिनीने आधी कंपनीला खरं काय ते कळवलं. मग सरांच्या घरी गेली. सर फाटकापाशीच आले.

"सर, त्यांना मी खरं सांगितलंय. चुकले मी."

"बरं केलंस," सर म्हणाले. आत ये म्हणाले नाहीत.

नंतरचे महिने जड गेले. त्यातच दोघींनी बसस्टॉपवरच्या त्या सासू-सुनेची छोटी फिल्म करायला घेतली. कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या बायकोने सासूचं काम केलं. चष्मा दुरुस्त करून घ्यायला आलेली असताना योगिनीने तिला विचारलं होतं, आणि ती लाजत लाजत 'हो' म्हणाली होती. कॉलेज रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. योगिनीने सरांना साधं निमंत्रण पाठवलं. सर आले, शेवटच्या रांगेत बसले. जाताना म्हणाले, "शेवट लांबलाय. पण उठून जावंसं वाटलं नाही."

त्या फिल्मवर वेदिकाला इगतपुरीकडे शूट होणाऱ्या एका वेब सिरीजमध्ये सहायक दिग्दर्शकाचं काम मिळालं. तिथे संवाद पुन्हा लिहायला माणूस कमी पडला, तेव्हा तिने योगिनीला फोन लावला. "तुझं नाव देऊ का? आधी विचारतेय हं!" दोघी हसल्या. दिग्दर्शकाने फिल्म पाहिली आणि योगिनीच्या कामाबद्दल कुणाशी बोलता येईल, असं विचारलं. योगिनीने धीर करून सरांना फोन केला.

"सर, तुमचा नंबर दिला तर चालेल?"

"दे. जे पाहिलंय तेच सांगेन."

तिचा पहिला खर्डा लालेलाल होऊन परत आला. दुसराही. तिसऱ्यातले दोन प्रसंग दिग्दर्शकाने जसेच्या तसे ठेवले, आणि पुढच्या भागांचं कामही तिच्याकडे दिलं. चष्म्याचं दुकान तिने सोडलं नाही. मालकाशी बोलून अर्धा दिवस करून घेतला.

तिने नांदगावला फोन लावला. तिची आई, फुलाबाई, शेतात होती.

"टीव्हीवर दिसशील का गं तू?"

"मी नाही दिसणार आई. नाव दिसेल. तिघांची नावं आहेत, माझं सगळ्यात खाली."

"खाली का असंना," आई म्हणाली, "फुलाबाईच्या पोरीचं नाव हाय ना? मंग लय झालं. मी वाचून घीन कुणाकडून."

"मी घरी येईन ना तेव्हा मीच वाचून दाखवीन," योगिनी म्हणाली, आणि वेदिकाच्या मोटारसायकलवर मागे बसून इगतपुरीला निघाली.