मामांच्या हातची गाडी

गाडी तिसऱ्या फेरीत बंद पडली तेव्हा मी एक सणसणीत शिवी दिली, आणि ती हेल्मेटच्या आत माझी मलाच ऐकू आली. बॉनेटमधून वाफ निघत होती. ट्रॅकची दोन माणसं दोर घेऊन धावत आली आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझी गाडी ओढत बाहेर काढली. पहाटे चारला बालाघाट सोडून, नागपूर ओलांडून एवढ्या लांब आम्ही आलो ते काय, दोराला बांधून घ्यायला!

हौशी लोकांची शर्यत होती ती. एकेक गाडी सोडतात. सहा फेऱ्या मारायच्या, त्यातली सगळ्यात कमी वेळेची फेरी धरतात. पण सहा पुऱ्या झाल्या नाहीत तर बाद. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, आणि वेग हा माझा जुना रोग आहे. गाडी छोटी, टर्बो पेट्रोल, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचं इंजिन मात्र मामांच्या हातचं. सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. तीस वर्षं त्यांनी तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत डंपर दुरुस्त केले. टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो आणि ताकद वाढवतो, हे मी यूट्यूबवर शिकले. मामांनी ते काळ्या धुळीत, भर उन्हात डंपरखाली झोपून शिकलं होतं.

गाडी ओढून आणली तेव्हा मामा बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. शेजारच्या तंबूतला एक तरुण डोकावला आणि म्हणाला, "अंकल, ये डंपर नहीं है. हवा थोड़ी कम रखनी थी." वाईट मनानं बोलला नसेलही. पण त्याच्यासोबतचे चौघे खो-खो हसले, आणि मामांनी बॉनेट हळूच खाली लावलं.

परतताना तुमसरजवळ चहाला थांबलो. मामांनी कप तोंडाला लावला नाही.

"माझा हात गेला, बाई," ते म्हणाले. "हवा जास्त झाली, म्हणून इंजिन तापलं. माह्याच्यानंच झाली. आता मी गाडीले हात लावत नाई."

"काईही बोलू नका मामा," मी खेकसले. "त्या पोट्ट्याले काय समजते!"

पण मामा बोलले ते बोलले. गल्लीतले लोक पाण्याचा पंप घेऊन यायचे, कुणी स्कूटर ढकलत आणायचं. मामा ओट्यावर बसल्या बसल्या मान हलवायचे. "नाई जमत आता." चौसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस! मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त त्या ट्रॅकवाल्यांचा. ट्रॅकच खराब, तिथलं पेट्रोलच भेसळीचं, त्या हसणाऱ्यांचं तोंड जळो, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी पोरांना वर्गात समजावून सांगते. स्वतःच्या वेळी आठवली नाही.

दिवाळी झाली आणि मी पुन्हा नाव नोंदवलं. मामांना जाऊन सांगितलं, "मी तीच गाडी घेऊन जाणार. तेच इंजिन. तुमचंच."

"काहून हट्ट करून राह्यली वं? माणसं हसतील तुले."

"हसू द्या."

शेवटी तोड अशी निघाली, की मामा माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसतील आणि तोंडानं सांगतील. हात मी लावायचा. म्हणजे मी बोल्ट उलटा पिळला की ते डोळे मिटून घ्यायचे, पण उठायचे नाहीत. तीन रविवार असेच गेले. माझी नखं काळी झाली. शाळेत खडू धरला की मुली एकमेकींकडे बघून हसायच्या.

चौथ्या रविवारी पुढचं बंपर उतरवलं. आमच्या गाडीत पुढे दोन जाळ्या आहेत, एकापाठी एक. पहिली टर्बोची तापलेली हवा थंड करते, मागची इंजिनाचं पाणी. मध्ये दोन बोटं फट. कडेनं हवा निसटू नये म्हणून मामांनी ती फट चारी बाजूंनी स्पंज लावून बंद केली होती, फक्त खाली, जिथे प्लास्टिकचं झाकण असतं, तिथे सोडली होती. मी पहिली जाळी सोडवून ओढली, आणि माझ्या पायांवर भुसा पडला.

थोडाथोडका नाही. पसाभर, दोन पसे, मग नुसताच पडत राहिला. मागच्या जाळीवर तर त्याचा थर बसला होता, पाण्यानं भिजून वाळून पापडासारखा कडक झालेला. मी तो खरवडला. तो भुसा कुठला ते मला लगेच कळलं.

आमच्या भागात काढणीच्या दिवसांत लोक वाळलेला उडीद डांबरी रस्त्यावर पसरतात. वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटतात आणि मळणी फुकटात होते. कडेनं गाडी काढणाऱ्याकडे लोक असं बघतात, जसा काही तो पंगतीतून उठून चालला आहे. पहिल्या शर्यतीआधी मी गाडी तपासायला रोज कटंगीच्या रस्त्यावर जायची. आणि एकही ढीग सोडत नव्हते! एकदा तर एका म्हातारीनं हात केला, "बाई, और एक बार," म्हणून मी वळून परत आले आणि तिच्या उडदावरून चार चकरा मारल्या. ती मला आशीर्वाद देत होती आणि मी खूश, की पुण्यही झालं आणि टेस्टिंगही. त्याच्या आठवडाभर आधी गाडीचं खालचं प्लास्टिकचं झाकण मीच काढून फेकलं होतं. वजन कमी व्हावं म्हणून. मामांना विचारलंसुद्धा नव्हतं. भुसा त्याच उघड्या वाटेनं आत शिरला होता.

गावात हळू चालवताना एवढ्यानं काही बिघडत नाही. ट्रॅकवर, इंजिन पूर्ण जोरात असताना, जाळीतून वाराच जाईना, श्वासच कोंडला तिचा.

मामा खुर्चीत पेपर वाचत होते. चष्मा जवळचा होता, त्यांना एवढ्या लांबून दिसलं नसावं. मी सुपली आणली, सगळं भरलं, आणि पेरूच्या झाडामागे नेऊन टाकलं. खोटं कशाला बोलू? टाकलं. म्हटलं, "आज पुरे मामा, पाठ भरून आली."

दोन दिवस मी मूग गिळून बसले. कुणाला कळणार होतं? गाडी साफ झाली होती, ती सहा फेऱ्या आता मारणारच. मामांना वाटलं असतं, भाचीनं स्वतःच्या हातानं सुधारली. आणि आपला हात गेला तो गेलाच, हेही कायमचं पक्कं झालं असतं. तिसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात एका मुलीला मी दुसरीची वही बघून लिहिल्याबद्दल रागावले, आणि रागावता रागावता मला माझीच इतकी लाज वाटली, की तास अर्धा टाकून स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी झाडामागचा भुसा परत सुपलीत भरला आणि मामांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. सगळं सांगितलं. झाकण, म्हातारी, चार चकरा, पेरूचं झाड, सगळं.

मामांनी चिमूटभर भुसा तळहातावर चोळला. "उडीद," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"म्हणजे हवा जास्त नोहती?"

"नाई मामा."

"सेटिंग बरोबर होती?"

"बरोबर होती. चूक माही होती."

ते उठून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी ओट्यावर थांबले, दिवेलागण झाली, मामींनी खिडकीतून "जा बाई आता" म्हटलं, मग निघाले. वाटलं, संपलं. शर्यतही गेली आणि मामाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटक वाजलं. मामा. खांद्याला त्यांची कॅनव्हासची हत्यारांची पिशवी.

"दहाचा पाना दे," एवढंच म्हणाले.

पुढचा महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी शाळेतून येईस्तोवर त्यांचं अर्धं काम झालेलं असायचं. दोन्ही जाळ्या त्यांनी जुन्या टूथब्रशनं घासल्या, एकेक पातं सरळ केलं. खालच्या झाकणासाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून वाकवला आणि तो सहा जागी बोल्टांनी आवळला. रबराचे पाइप बदलले, ब्रेकचं तेल बदललं. मी मध्ये एकदा भीतभीत म्हटलं, "या खेपेला हवा थोडी कमीच ठेवायची का? सहा फेऱ्या पुऱ्या होणं महत्त्वाचं."

मामांनी पाना खाली ठेवला. "मागच्या साली जेवढी होती तेवढीच. कणभर कमी नाई. कमी करून पळवली, तर मले काय समजणार?"

तेव्हा मला नीट कळलं, की या सहा फेऱ्या आता माझ्या राहिल्या नाहीत. गाडी तापली असती तर माझं काय, घरी येऊन पुन्हा आदळआपट केली असती. त्यांचं मात्र सगळं संपलं असतं. बैहरचा घाट आम्ही सात वेळा चढलो. तापमानाचा काटा हलला नाही, तरी मामा म्हणाले, "अजून एकदा." मीही म्हटलं, अजून एकदा.

शर्यतीच्या दिवशी माझा नंबर अकरावा होता. पहिल्या दोन फेऱ्या मी काट्याकडे बघतच चालवल्या, म्हणून वाईट चालवल्या. तिसरी सुरू झाली. मागच्या वेळी जिथे वाफ निघाली होती ते वळण आलं, गेलं. काटा जिथल्या तिथे. मग मी ठरवलं, आता बघायचंच नाही. चौथ्या फेरीत पाय पूर्ण दाबला. गाडी अशी सुटली, की मी आत एकटीच ओरडले, "पळ वं माय!" पाचवी झाली. सहावी झाली. झेंडा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हेल्मेटमुळे पुसताही येत नव्हतं.

एकोणीस गाड्यांत चौदावी आले. मामांनी कागदावरचा वेळ बघितलासुद्धा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाले, "चल घरी."

भंडारा मागे पडला. मग मामा समोर बघतच बोलायला लागले. "मागच्या उन्हाळ्यात तिरोडीहून ठेकेदाराचा फोन आलता. डंपरसाठी मिस्त्री पायजे होता. मी नाई म्हटलं. पावसाळ्यात पुन्हा केला. तरी नाई म्हटलं. म्हटलं, भाऊ, माझा हात गेला, कोणाचा जीव जाईन."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"गाडी कडेले घे," मामा म्हणाले.

मी घेतली. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला, नंबर शोधला. स्पीकर सुरूच होता, त्यांना बंद करता येत नाही. पलीकडचा माणूस ओळखून अदबीनं बोलला. मग म्हणाला, "मिस्त्रीजी, वो जगह तो दिवाली में भर गयी. आपने ही मना किया था."

"हौ, मीच केलतं," मामा म्हणाले. "कोई बात नहीं. आगे कभी जरूरत पडी तो बताना. हाथ अच्छा है मेरा. गलती से बोल दिया था."

फोन ठेवून त्यांनी तो नीट खिशात घातला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. मामांनी मला गप्प केलं नाही. माझं रडणं होईपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "सर तिकडं. मी चालवतो."

मी उतरले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.