ओसरीतलं उखळ

कॅनडाला निघालो तेव्हा पाटोद्याच्या स्टँडवर आईनं बसच्या खिडकीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आत सरकवला. डबा कसला, पिंपच. बस एका बाजूला कलली, असं मी आजही सांगतो. आई म्हणाली, "तिकडं काय मिळंना तर हे खा. आन थापा कमी मार, परकी माणसं हायती."

लाडू खाल्ले. थापांचं जमलं नाही.

गावाकडच्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे आणि बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही विसरला नसाल: आमच्याकडं पोर आधी शेंग फोडतं, मग रडतं. भाजीत कूट, आमटीत कूट, चटणी म्हणजे तर कूटच. ते सगळं ओसरीत, जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात कांडायचं.

अशा खानदानात माझी सई जन्मली. दीड वर्षाची असताना लाडवाचा कण चाटला आणि तिचे ओठ वांग्यासारखे सुजले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पीनट अ‍ॅलर्जी. तेव्हापासून आम्ही पाकिटांमागची लेबलं पोथीसारखी वाचतो. तिच्या शाळेत शेंगदाण्याला बंदी, आणि जिथं सई तिथं पेनासारखी दोन इंजेक्शनं.

आईला फोनवर म्हणालो, "एक दाणा पोरीचा जीव घेऊ शकतो."

आई हसली. "आरं, दाण्यानं कुणी मरतंय का? दाणं न मिळाल्यानं मेलेले लई बघितलेत मी."

तिचा काय दोष? कॅनडात थुंकी खाली पडायच्या आत गोठते, ही माझी थाप तिनं गावभर सांगितली होती. अस्वल आमच्या दारात पेपर चाळतं, हेही निम्मं पटलं होतं. जन्मात एकदा खरं बोललो, तर तीच थाप ठरली.

सई सात वर्षांची झाली तेव्हा गावी गेलो. सुनेच्या शब्दाखातर आईनं घरातले दाणे शेजारी नेऊन ठेवले होते, तेलही बदललं होतं. नातीसाठी मुद्दाम तिळाचे लाडू केले. तीळ सईला चालतात.

"आई, दाणा न्हाई ना?"

"येक बी न्हाई. तुझ्या गळ्याशपथ."

दाणा नव्हताच. पण तीळ त्याच उखळात कांडले होते, फडक्यानं पुसून घेऊन. दगडाच्या छिद्रांत पन्नास वर्षांचं कूट बसलेलं.

अर्धा लाडू खाऊन सई खोकली. "बाबा, घसा टाइट होतोय." मानेवर गांधी उठल्या, श्वासात शिट्टी वाजू लागली. मी तिच्या मांडीत इंजेक्शन दाबलं आणि शेजाऱ्याच्या जीपमधून पाटोद्याकडं सुटलो. बायकोच्या एका हातात दुसरं इंजेक्शन, नजर घड्याळावर. आई सईचा तळवा चोळत होती. चोळता चोळता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आरं, ही थाप हाय म्हण ना."

मी शेजाऱ्याला म्हणालो, "आजून जोरात हाण."

दुसरं इंजेक्शन रस्त्यातच द्यावं लागलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. शिट्टी कमी होत होत थांबली, तोवर मी म्हातारा झालो होतो. संध्याकाळी सईनं चिप्स मागितले. आधी पाकिटामागचं लेबल वाचलं, मग खाल्ले.

दोन दिवसांनी घरी आणलं, तर ओसरीत उखळ नाही. आईनं ते सिमेंटनं बुजवलं होतं, हातानंच लिंपून. पाची बोटं उमटली होती. सासूनं दिलेलं उखळ होतं ते. शेजारणी विचारायच्या, "कावून बुजवलं वो?" आई सांगायची, "नुसतं धुळीइतकं कूट, आन माझी नात वर जाऊन माघारी आली." गाव म्हणू लागलं, पोराची सवय आईला लागली.

यंदा पुन्हा गेलो. सई त्याच सिमेंटवर मांडी घालून जेवली. मला विचाराल तर घर म्हणजे आता ती बिनकुटाची, बेचव भाजी. तिच्यासंगं मी अकरा भाकरी खाल्ल्या, आणि ही थाप नाही.