भाऊजी आणि बेटाची नगरपालिका

माझ्या थोरल्या दिरांइतका पारतंत्र्यात रमलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पारतंत्र्य अर्थातच दुसऱ्यांचं. इंग्रजांच्या ताब्यातल्या एका चिमुकल्या बेटाला राज्यकारभाराचे अधिकार कसे बेताबेताने द्यायचे, आधी नगरपालिका की आधी विधिमंडळ, यावर साहेबाने वर्षानुवर्षं विचार केला होता, आणि साहेबाच्या त्या विचारावर भाऊजी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी वर्षानुवर्षं विचार करत होते. त्यासाठी जर्मनीत कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "दोन्ही पक्षांपासून सारखं अंतर हवं." खरं कारण एवढंच, की शिष्यवृत्ती इथली मिळाली होती आणि कायझर्सलाउटर्नजवळच्या एका गावात धाकट्या भावाचं, म्हणजे आमचं, घर आयतं होतं.

आल्या आल्या त्यांनी आमच्या घरातही सुधारणा लागू केल्या. भाजी, धुणं आणि पाहुणे ही खाती माझ्याकडे सोपवली. हायट्सुंग म्हणजे घर गरम ठेवायची यंत्रणा, टीव्हीचा रिमोट आणि चहाची वेळ ही राखीव खाती स्वतःकडे ठेवली. "अहो भाऊजी, घर माझं आहे," मी म्हणाले. "गेनाऊ! बरोबर!" ते आनंदाने ओरडले. "बेटावरचे लोकही अगदी हेच म्हणत होते!" जेवताना ते साहेबाच्या सल्लागार मंडळात बसलेल्या स्थानिक पुढाऱ्यांचा उद्धार करत. "होयबा सगळे! बोलायचा अधिकार आहे, ठरवायचा नाही, तरी खुर्ची सोडवत नाही. मी असतो तर पहिल्याच दिवशी राजीनामा फेकला असता." एवढं बोलून आणखी वरणासाठी ताट पुढे करत.

अशा माणसाने आउसलेंडरबायराटची, म्हणजे गावातल्या परदेशी रहिवाशांच्या समितीची, निवडणूक लढवावी याचं आम्हाला नवल वाटलं नाही. निवडून यावं याचं वाटलं. तुर्की भाजीवाल्याने तर अख्ख्या खानदानाची मतं त्यांना मिळवून दिली. भाऊजी आता दुकानाऐवजी नगरपालिकेत जाऊन बोलतील, अशी त्याला आशा असावी.

पहिल्याच बैठकीत त्यांनी निर्वासितांच्या वसतिगृहापाशी असलेल्या बसथांब्याचा विषय काढला. तिथल्या बायका पिशव्या घेऊन बर्फात उभ्या राहतात, थांब्याला छप्पर हवं. सुरुवात अर्थातच बेटापासून केली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, महापौर "इंटरेसांट" म्हणाले, आणि ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, ठरवण्याचं काम नगरपरिषदेचं, असं भाऊजींना गोड शब्दांत सांगण्यात आलं. भाऊजी घरी आले ते जॅकेटसकट सोफ्यावर बसले. "मेधा, अगं, मी माझ्याच प्रबंधात राहायला गेलोय!" आम्ही नवराबायको पोट धरून हसलो. तेही हसले.

"मग राजीनामा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"देणार तर! उद्याच."

तो उद्या उगवला नाही. दर बैठकीत ते छपराचा विषय काढत आणि दर वेळी त्याची नोंद घेतली जाई. मधल्या काळात ते स्वतःच त्या थांब्यावर जाऊन उभे राहू लागले, आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्या बायकांची विचारपूस करू लागले. एकदा चहा देताना मी मुद्दाम डिवचलं, "भाऊजी, राजीनामा राहिलाच की हो!" त्यांनी कप खाली ठेवला. "मी उठलो तर छपराचं नाव कोण काढणार?" मग हळूच म्हणाले, "ती बेटावरची माणसंही असाच काहीतरी विचार करून बसली असतील गं. मला उगाच निकाल द्यायची घाई झाली." त्यांनी प्रबंधातलं त्या पुढाऱ्यांवरचं अख्खं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं, त्यामुळे त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकबाई भडकल्या आणि पदवी लांबली.

छप्पर काही झालं नाही. शिष्यवृत्ती संपली आणि भाऊजी नागपूरला परत निघाले. स्टेशनवर भाजीवाला आला होता, आणि वसतिगृहातल्या तीन-चार बायकाही. त्यांतल्या एका म्हातारीला जर्मन येत नव्हतं, आणि तिची भाषा भाऊजींना येत नव्हती. गाडी आली तशी ती पुढे झाली, त्यांचा सुटलेला मफलर तिने गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि गाठ मारून दिली. भाऊजी मान खाली घालून, तिचं होईपर्यंत तसेच उभे राहिले.