नापास झालेला मार्गदर्शक

त्या दिवशी एरंडोलच्या आमच्या शाळेत अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झालेल्या मुलांना बोलावलं होतं... कॉलेजची माहिती द्यायला. आणि माहिती देणारा होतो मी! सत्तर सालच्या आसपासची गोष्ट.

जळगावला सायन्सला गेलेला आमच्या गल्लीतला मी पहिलाच. म्हणून गणिताच्या सरांनी निरोप धाडला, "पोरांना जरा समजावून सांग. आर्ट्स काय, सायन्स काय, इथे कोणालाच काही माहीत नाही."

पण त्याच आठवड्यात मी जळगावला कॉलेजच्या बोर्डावर माझा निकाल बघून आलो होतो... नापास. फिजिक्स आणि केमिस्ट्री, दोन्ही गेले होते.

घरी मात्र सांगितलं की निकाल लागायचाय अजून. नाना, म्हणजे माझे वडील, शिंपीकाम करायचे. माप द्यायला येईल त्याला माझ्या सायन्सचं कौतुक ऐकवायचे. त्यांच्यासमोर तोंडच उघडेना.

सरांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गेलो. होस्टेल, मेस, प्रॅक्टिकल, लायब्ररी... धडाधड बोलत सुटलो. मुलं एकटक बघत होती आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं.

दाराशी एक शेतकरी उभे होते. त्यांच्या मुलीला चांगले मार्क होते, सर तिला सायन्सला पाठवा म्हणून मागे लागले होते. ती पहिल्या बाकावर बसली होती, मान खाली घालून.

"भाऊ, माले एक सांग," ते दारातूनच अहिराणीत म्हणाले. "तठे बठ्ठं इंग्रजीमा शे ना? मन्ही पोरले जमी का? तू हो म्हनशी तर धाडसू."

तिथे सगळं इंग्रजीत असतं, ते पोरीला जमेल का, हेच ते विचारत होते. ती मुलगी आता माझ्याकडे बघत होती. 'हो, जमेल' एवढंच म्हणायचं होतं... पण त्या माणसाने सगळं माझ्या शब्दावर टाकलं होतं.

"मला नाही जमलं," मी म्हणालो. "पहिले काही महिने वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं. लाजेने कोणाला विचारलं नाही. मी नापास झालोय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले. कान इतके तापले की पुढचं काही ऐकूच येईना.

"मंग आते काय करशी?" त्या शेतकऱ्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं की ते माझ्याशीच बोलतायत.

"परीक्षेला परत बसणार."

त्यांनी मुलीकडे बघितलं. "मंग इले बी धाडसू. नही जमनं तर ई बी परत बसी. पन पोरी, तू विचारत जाय, लाजू नको."

मी तिथून निघालो ते मागच्या गल्लीने, कोणी भेटू नये म्हणून. तरी माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. नानांचं मशीन बंद होतं. ते नुसतेच बसले होते, हातात कापड धरून.

"बठ्ठा गावले सांगं," ते म्हणाले. "माले का बरं नही सांगं?"

आवाज चढला नव्हता. साऱ्या गावाला सांगितलं आणि त्यांनाच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी मला परत जळगावला पाठवलं. ती मुलगी आता माझ्याच वर्गात होती, आणि न समजलेलं बिनधास्त उभी राहून विचारायची. तिचं बघून मीही विचारायला लागलो. दोघंही पास झालो.

नंतर अनेक शाळांमध्ये बोललो. नापास झाल्याचं आता हसत सांगतो, त्याचं काही वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. म्हणून मुलांनो, कोणती साईड घ्यायची ते सावकाश ठरवा... पण निकाल कसाही लागला तरी तो घरी तुमच्याच तोंडून कळू द्या.