टिल्लीची किंचाळी

आमची टिल्ली सहा वर्षांची असताना पहिल्यांदा मेली. नंतर आणखी दोनदा मेली, आणि दर वेळी तिचा मरणाचा फ्रॉक मीच शिवला. मी तिची आत्या. सिनेमावाल्यांचे कपडे शिवते, आणि त्यांच्यावर वैतागण्याचं कामही मीच करते, कारण दुसरं कोणी ते मनापासून करत नाही.

टिल्लीची आई दवाखान्यात नर्स, बाप लांब पल्ल्याच्या ट्रकवर. शाळेला सुट्टी असली की पोरगी माझ्या गळ्यात. एकदा भुताच्या सिनेमाचे कपडे पोचवायला तिला सोबत घेऊन गेले. कपाटातून भुताची पोर बाहेर येते असा प्रसंग होता, आणि त्यासाठी आणलेली मुलगी कपाट बघूनच भोकाड पसरून बसली होती. दिग्दर्शक चॉकलेटं दाखवतायत, तिची आई दम देतेय, कोणी कोणाचं ऐकत नाही. तेवढ्यात कपाटाचं दार करकरलं आणि आतून केस विस्कटलेली टिल्ली डोळे चोळत बाहेर आली. कपड्यांच्या ढिगात छान झोप लागली होती बाईसाहेबांना! लाइटवाला ओरडून खुर्चीवर चढला.

"आत्या, भूक लागली," टिल्ली म्हणाली. दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे तिला कामावर घेतलं.

दुसऱ्या सिनेमात ती विहिरीतून वर आली, तिसऱ्यात पलंगाखालून. भीती कशाशी खातात हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि त्याला कारण मेकअपवाल्या ताई. त्यांचा एक नियम होता. सेटवर लहान मूल असेल, तर भुताचं तोंड त्या मुलासमोरच रंगवायचं, आणि शेवटची जखम मुलाच्या हातून काढून घ्यायची. भूत व्हायचे ते लंबूकाका, दारातून वाकून आत येणारा अगदी गरीब माणूस. टिल्ली जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून त्यांच्या गालावर जखम काढायची, आणि ते "गुदगुल्या होतात गं" म्हणून हलायचे.

भीती वाटायची ती तिच्या बापाला. माझा हा धाकटा भाऊ धुक्यात, घाटात बिनधास्त ट्रक चालवतो, पण थिएटरात दिवे गेले की डोळे मिटून बसतो. लेकीवर मात्र भारी जीव. तो कामावरून परतला की टिल्ली अशी किंचाळायची, की खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा काठी घेऊन धावत वर आल्या होत्या. तिसरा सिनेमा संपल्यावर त्याने तिला जवळ घेतलं.

"छान काम केलंस. पण एकदा तरी शेवटपर्यंत जिवंत राहा की गं."

टिल्लीने ते मनावर घेतलं. चौथ्या सिनेमाचं विचारायला दिग्दर्शक आले, तेव्हा आठ वर्षांची ही बया कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणाली, "मी नाही मरणार. मला वाचणारी मुलगी करा." ते हसले, पण तयार झाले. अट एकच, वाचणाऱ्या मुलीला भूत बघून किंचाळता आलं पाहिजे.

इथेच घोडं अडलं. खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी रात्र केलेली. दार उघडलं, चौकटीत लंबूकाका, आणि टिल्ली फिसकन हसली. पुन्हा घेतलं. "काका, तुमची जखम सुटतेय," ती म्हणाली. पुन्हा घेतलं, तर हसू दाबता दाबता तिला उचकी लागली. कोणीतरी मागून पत्र्याचा डबा आपटला. दचकायचं सोडून हिने त्याच्याकडेच डोळे वटारले. हे मात्र माझ्यावर गेलंय.

शेवटी दिग्दर्शकांनी हात टेकले. "संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर अदलाबदल करू. या सिनेमात मरणारी दुसरी मुलगी वाचेल, ही मरून भूत होईल. माझाही नाइलाज आहे."

टिल्लीचा चेहरा एवढासा झाला. माझ्या शेजारी कपड्यांच्या पेटीवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबाला काय सांगू?" दिग्दर्शकांना सुई टोचावी असं वाटलं, आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. भाऊ त्याच दिवशी परत यायचा होता. टिल्लीला आम्ही सांगितलं नव्हतं, सांगितलं की ती जेवण सोडून दाराशी बसते. मी बाहेर जाऊन त्याला फोन लावला.

"घरी जाऊ नकोस. सरळ इकडे ये."

"का? टिल्ली बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. तुला फक्त एका दारात उभं राहायचंय."

"भुतांच्या तिथे? ताई, मी बाहेर थांबतो ना."

"मुकाट्याने ये."

दिग्दर्शकांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, पण कॅमेरा टिल्लीच्या चेहऱ्यावर लावला. भाऊ मागच्या बाजूने आला, धुळीने माखलेला. दारामागे लंबूकाकांनी, संपूर्ण मेकअपमध्ये, प्रेमाने त्याचा दंड धरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

दार उघडलं. टिल्ली हसायच्या तयारीत होती. तिने बघितलं, तिचे डोळे मोठे झाले, दोन्ही हात तोंडाशी गेले, आणि ती अशी किंचाळली की साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन भिरकावून दिला. मग तीरासारखी धावत सुटली आणि बापाच्या कमरेला बिलगली. "कट" म्हणायचंच सगळे विसरले. तिचं ते धावणं नंतर कात्री लावून सिनेमातून काढलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही घरची सगळी एका रांगेत बसलो होतो. तो प्रसंग आला आणि थिएटरची बोबडी वळली. पुढचा धिप्पाड गृहस्थ बायकोच्या खांद्यात तोंड खुपसून बसला. भावानेही डोळे मिटले होते.

"बाबा, डोळे उघड ना," टिल्ली कुजबुजली.

"भूत गेलं का?"

"भूत नाहीच आहे तिथे. दारात तूच आहेस."

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. पडद्यावर त्याच्या लेकीचा चेहरा भिंतीएवढा मोठा होता, तो घरी आल्यावर होतो तस्साच. त्यानंतर त्याने डोळे मिटले नाहीत. घर कोसळलं, भूत जळून गेलं, आणि धुरातून आमची टिल्ली चालत बाहेर आली, धडधाकट, जिवंत. सगळ्या थिएटरने सुटकेचा निःश्वास सोडला. त्या शांततेत एकच माणूस उभा राहून किंचाळला, आणि तो तिचा बाप होता.