आवाज खुर्चीत सोडताना

तीन माणसं वर्षभर एकाच खुर्चीभोवती उभी राहिली की किस्से आपोआप साठतात. आम्ही काही ते जमवायला बसलो नव्हतो, आम्हाला फक्त खुर्ची नीट करायची होती. पण खुर्ची झाली एक आणि किस्से झाले पोतंभर. आता कुठं चहाला बसलं की लोक खुर्चीचं नंतर विचारतात, आधी म्हणतात, "ते कोंडीरामभाऊंचं सांगा."

तरी आधी खुर्ची सांगते. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडं इसाकभाईंचं वेल्डिंगचं पत्र्याचं शेड आहे. दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली आणि नांगर, ट्रॉल्या दुरुस्तीला येणं जवळजवळ थांबलं. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. नव्या इमारतींत राहायला आलेल्या लोकांना रविवारी कुठं जावं ते कळत नव्हतं. इसाकभाईंनी ठरवलं, आपण रेसिंगचं सिम्युलेटर बांधायचं. लोखंडी चौकट, तिच्यावर भंगारातल्या मोटारीची सीट, समोर स्टेअरिंग, पायाशी पेडल, पुढं मोठा स्क्रीन.

चित्र दिसलं, आवाज आला, पण रस्ता काही अंगाला लागेना. त्यासाठी सीटखाली डाव्या-उजव्या बाजूला, पाठीमागं आणि पेडलपाशी शेकर बसवायचे होते. शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर समजा. तळहाताएवढी जड डबी असते. ती कानाला फारसं ऐकवत नाही, जिला बोल्टनं आवळली ती वस्तू हलवते. कॉम्प्युटरचा आवाज तिच्यात सोडला की इंजिनची घरघर मांडीला लागते आणि खड्डा कमरेत बसतो.

या कामाला कोंडीरामभाऊ आले. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मूळ सिल्लोडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बोलणं कमी, ऐकणं जास्त. कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडं. मी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे, आणि इसाकभाईंची मुलगी माझी विद्यार्थिनी होती.

*

पहिल्याच दिवशी आम्ही सरळसोट मार्ग धरला. कॉम्प्युटरमधून जो आवाज बाहेर येतो, तोच अँप्लिफायरमधून शेकरला दिला. इसाकभाई सीटवर बसले. गाडी सुरू झाली, सीट घुरघुरली, आम्ही खूश. मग गेममधला समालोचक बोलायला लागला आणि इसाकभाई सावरून बसले.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"सीट इंग्रजी बोलायली, बेटा."

मागं वाजणारं संगीतही सीटमधून येत होतं. त्यात माझ्या आईनं फोन केला. माझा फोन कॉम्प्युटरला जोडलेला, त्यामुळं रिंग थेट सीटमध्ये गेली. इसाकभाई स्टेअरिंग न सोडता म्हणाले, "घर का फोन है. जेवायला बोलवायलेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतना लगातार कोई और नै मारता."

कोंडीरामभाऊ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, कानाचं कानाला आन् बुडाचं बुडाला. रस्ता पायजे, रेडिओ नको."

मग मी दुसरं साउंड कार्ड लावलं. बोलणं, संगीत, फोन सगळं पहिल्यातून हेडफोनला. दुसऱ्याला आणखी तोंडं होती, म्हणजे प्रत्येक शेकरला वेगळी वाट देता येत होती. गेम दर क्षणाला आकडे बाहेर टाकत असतो: ब्रेक किती दाबला, कुठलं चाक उडालं, इंजिन किती फिरतंय. त्या आकड्यांवरून आवाज तयार करायचा आणि हव्या त्या शेकरला पाठवायचा. हे मला पुस्तकं वाचून कळलं होतं. कोंडीरामभाऊंना एका वाक्यात कळलं होतं.

*

वाटा वेगळ्या केल्या तरी एक खोड राहिली. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेवर चढली की धक्का उजव्या कुल्ल्याला बसायचा. मी म्हटलं, डावं-उजवं उलटं लागलंय. तारा बदलल्या, तरी दोन्हीकडचे धक्के उजवीकडंच. मी अख्खी दुपार सेटिंगमध्ये घालवली. इसाकभाई म्हणाले, "नया कार्ड खराब है."

कोंडीरामभाऊंनी चपला काढल्या, सीटवर बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "डाव्याला एकच ठोका द्या." मी दिला. "आजून एक." पाचसहा ठोके झाल्यावर ते उठले.

"कार्डाचं काय नाय, तारंचं काय नाय. डाव्या शेकरखालची पट्टी ह्यांनी चौकटीला चिकटवलीय. ठोका तिथून निघून नळीतून फिरतो आन् उजवीकडून वर येतो."

इसाकभाई खाली वाकले. खरंच, त्यांच्याच हातचा वेल्डिंगचा एक ठिपका पट्टीवरून चौकटीवर सांडला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. छिन्नी मारून तो उडवला आणि डावं डावीकडं आलं.

तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस तो दाणा बोटावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कोंडीराम, तू मेरे को पहले क्यूं नै मिला?"

*

शेडला लागून शकुंतलाबाईंचं घर. भिंत एकच. एका दुपारी त्या हातात चेपलेला डबा घेऊन आल्या.

"तुमची गाडी माझ्या मांडणीवरून जायली," त्या म्हणाल्या.

चौकटीचं हलणं फरशीत उतरत होतं आणि फरशीतून भिंतीत. इसाकभाई माफी मागायला पुढं झाले, पण कोंडीरामभाऊंनी विचारलं, "काकू, एक काम करता का? ताटात पाणी घेऊन मांडणीवर ठेवा. पाण्यावर सुरकुती आली की भिंतीवर थाप मारा."

त्या वर्षी ताटभर पाणीही कुणी सहज देत नव्हतं. शकुंतलाबाईंनी मात्र दिलं. पुढं चार दिवस त्या तिकडं ताटापाशी, आम्ही इकडं चौकटीपाशी. ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून पायांखाली घालायचे, ठोका द्यायचा, थाप येते का बघायची. एका पायाला दोन थर लागले, एकाला तीन. शेवटी ठोका दिला आणि थाप आली नाही. कोंडीरामभाऊंनी आवाज वाढवला. तरी नाही. मी धावत पलीकडं गेले. शकुंतलाबाई ताटावर नजर लावून बसल्या होत्या, पाणी आरशासारखं.

महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या. "परत चालू केलं व्हय? भांडी नाचायली."

आमच्याकडं तर त्या दुपारी वीजच नव्हती. शेजारच्या नव्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती, तिचा तो हादरा. कोंडीरामभाऊ शकुंतलाबाईंच्या भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभे राहिले.

"काय म्हणते?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"कोरडा दगड हाय, काकू. वल्या दगडाचा ठोका बसका येतो."

संध्याकाळी बोअरवाले गाडी घेऊन निघून गेले. प्लॉटवर नुसता पांढरा भुगा पडला होता. मी कोंडीरामभाऊंना खोदून विचारलं, हे कसं ओळखलंत. ते म्हणाले, "अंदाज होता. चुकला असता तर बरं झालं असतं."

*

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर घेऊन रावसाहेब यायचे. फुलंब्रीकडं त्यांची जमीन होती, पण विहीर आटल्यापासून ते टँकरवर होते. एकदा पाइप लावून ठेवून ते शेडमध्ये डोकावले. आमच्याकडं ट्रकचाही गेम होता. इसाकभाईंनी त्यांना बसवलं.

पाच मिनिटांत ते उतरले. "चांगलं हाय. पर गाडी मेलेली हाय."

"म्हणजे?"

"भरलेली हाय का रिकामी, कळंना. आन् अर्ध्या टँकरचं तर ह्यात काहीच नाय. ब्रेक मारला की गाडी थांबती, पाणी थांबत नाय. ते मागून येऊन हाणतं. त्यातच गाड्या पलट्या व्हत्यात."

मग जरा थांबून म्हणाले, त्यांच्यासोबत संतोष नावाचा नवा ड्रायव्हर लागलाय, आठवड्यापूर्वी वळणावर त्याच्या टँकरची एका बाजूची चाकं उचलली होती. "सांगून कळत नाय. अंगाला लागल्याबिगर कळत नाय. आन् अंगाला लागलं की मानूस ऱ्हात नाय."

कोंडीरामभाऊंनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. रावसाहेबांच्या टँकरमध्ये त्यांच्या शेजारी बसून ते तीन फेऱ्या फिरून आले. आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, ब्रेक दाबला की लगेच काय करायचं नाय. एक श्वास थांबायचं. मग पाठीच्या शेकरला मोठा धक्का, लगेच पायाखाली, मग परत पाठीला, बारीक होत होत."

मी तसं लिहिलं. गेमकडून ब्रेकचा आकडा घ्यायचा, थांबायचं, मग जाड, संथ आवाजाची लाट एका शेकरकडून दुसऱ्याकडं सोडायची. चार दिवस आम्ही नुसता तो श्वास मोजत होतो. रावसाहेब रोज बसायचे आणि मान हलवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी ब्रेक मारला, धक्का पाठीत आला आणि त्यांचा पाय आपोआप पेडलवरून उचलला गेला. ते सीटवरून उतरले. बाहेर जाऊन संतोषला घेऊन आले.

संतोष पंधरा दिवस येत होता. पहिल्या दिवशी त्यानं स्क्रीनवरची गाडी नऊ वेळा उलथवली. शेवटच्या आठवड्यात एकदाही नाही.

पुढं चौका घाटात त्याच्यासमोर मोटारसायकल घसरून आडवी पडली. टँकर अर्धा भरलेला. मोटारसायकलवाला उठून लंगडत कडेला गेला, टँकर त्याच्या गाडीच्या हातभर अलीकडं उभा राहिला. त्याच दिवशी संतोष थेट शेडवर आला, पाइप ओढला आणि आधी आमचा ड्रम काठोकाठ भरून दिला. मग सगळं सांगितलं. "पाणी पुढं यायच्या टायमाला पाय आपोआप ढिला झाला," तो म्हणाला.

इसाकभाईंनी त्याला जवळ घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडीरामभाऊंनी एवढंच विचारलं, "आपला धक्का आजून जरा उशिरा पायजे होता का?"

"नाय भाऊ. बराबर होता."

मग कुठं ते खाली बसले.

*

आता मालनबाईंचा किस्सा. पलीकडच्या गल्लीत मोठी इमारत चालली होती, तिथं त्या काँक्रीटच्या मिक्सरवर कामाला होत्या. त्यांची मुलगी रेणुका बारा-तेरा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. कर्णबधिरांच्या शाळेत वसतिगृहात राहायची आणि सुट्टीत आईकडं यायची. आई कामावर असली की ती आमच्याकडं येऊन बसायची. गाडी उत्तम चालवायची. गिअर कधी बदलायचा हे आम्ही आवाजावरून ओळखतो, ती मांडीवरून ओळखायची. जे सांगायचं ते वहीत लिहायची.

एका दुपारी तिनं वही कोंडीरामभाऊंपुढं धरली. लिहिलं होतं, "यात आईचा आवाज घालता येईल का?"

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, माईक हाय का?"

क्लासचा माईक होता. बाईमाणसाचा आवाज पातळ असतो आणि शेकर फक्त जाड आवाज धरतो, म्हणून मी तो कॉम्प्युटरमध्ये खाली उतरवायची सोय केली. जेवणाच्या सुट्टीत मालनबाईंना बोलावलं. हाताला सिमेंट लागलेलं. त्या माईकपासून लांबच उभ्या राहिल्या.

"काय बोलू?" त्यांनी विचारलं. एवढ्यानंच रिकामी सीट उडाली आणि तिच्यावरचा पाना खाली पडला.

मालनबाई ओशाळल्या. "दिवसभर मिक्सरपाशी वरडायचं, ताई. आता हळू बोलायचं म्हणलं तरी येत नाय. लोक म्हणत्यात, मालन भांडायली का काय."

कोंडीरामभाऊंनी अँप्लिफायरचं बटण खाली आणलं. एक तळवा सीटवर ठेवून त्यांनी मालनबाईंना पुन्हा बोलायला लावलं. बटण आणखी खाली आणलं. पुन्हा बोलायला लावलं, आणखी थोडं. मग रेणुकाला बसायची खूण केली.

मालनबाई माईकजवळ आल्या. "रेणुका, जेवलीस का गं? भाकर झाकून ठिवलीय. ऊन लई हाय, भायेर हिंडू नको."

रेणुका आईच्या तोंडाकडं बघत होती. दोन्ही तळवे सीटच्या कडांवर पसरलेले. तिनं बोटानं खूण केली, परत. मालनबाईंनी तेच परत म्हटलं. परत. त्यांनी पुन्हा म्हटलं.

मग रेणुकानं वही ओढून घेतली, काहीतरी लिहिलं आणि आईला दिलं. मालनबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही माझ्याकडं केली. मी मोठ्यानं वाचलं:

"आई इतकं हळू बोलते? तिचं तोंड बघून मला वाटायचं, ती सारखी माझ्यावर ओरडते."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आणि इसाकभाईंनी एकाच वेळी कोंडीरामभाऊंकडं पाहिलं. त्यांचा हात अजून बटणावर होता. बटणाला धक्का न लावता त्यांनी तो काढून घेतला.

"मालनबाई," ते म्हणाले, "आजून बोला."